यात बिल्डिंग कुठाय?

माझी भाची आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. मागे एका रविवारी ती खांद्याला नळकांडं अडकवून घरी आली, त्यातून थीसिसची शीटं काढली आणि पाच मिनिटांत आमचा हॉल व्यापून टाकला. दोन शीटं दिवाणावर, एक टीव्हीला टेकवून, बाकीची फरशीवर. चहा स्वयंपाकघरातच प्यायचा, असा हुकूम सुटला. बाबांनी, म्हणजे तिच्या आजोबांनी, चष्मा पुसला, सगळी शीटं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली, तशीच उलटी पाहत परत आले आणि म्हणाले, "छान काढलंयस गं. पण यात बिल्डिंग कुठाय?"

ती माझ्याकडे बघायला लागली. मी आर्किटेक्ट आहे, अधूनमधून कॉलेजांत ज्युरीला, म्हणजे मुलांची कामं तपासायला, जातो, तेव्हा हा गुंता मी सोडवावा अशी अपेक्षा. त्या दिवशी मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. हा लेख म्हणजे तेच उत्तर, जरा नीट.

प्रश्न रास्तच आहे. बी.आर्क. पाच वर्षांचं, म्हणजे दहा सेमिस्टरं. सुरुवातीला एखादं छोटं घर, मग शाळा, मग ग्रंथालय, मग हॉस्पिटल, असा साधारण चढता क्रम. जागा आणि गरजा बहुतेक वेळा सर-मॅडम ठरवून देतात. शेवटी येतो थीसिस. तिथं विषय विद्यार्थ्याने निवडायचा, जागा त्यानेच शोधायची, आणि मुख्य म्हणजे 'इथं नेमकी अडचण काय आहे' हेसुद्धा त्यानेच ठरवायचं. गिऱ्हाईक नाही, कंत्राटदार नाही, पालिकेच्या मंजुरीसाठी खेटे नाहीत. आयुष्यात असं पुन्हा घडत नाही. मग बरीच मुलं इमारत बाजूला ठेवतात आणि शहरातली एखादी तुटलेली जागा हातात घेतात. उड्डाणपुलाखालचा अंधार, बंद गिरणीचं आवार, नाल्याचा काठ, रेल्वेच्या भिंतीमागचा पट्टा. शीटवर खोल्यांऐवजी बाण येतात, तुटक रेषा येतात, मुंगीएवढी माणसं येतात. शीर्षकात 'पुनर्जोडणी', 'नवसंजीवनी' असले शब्द असतात, ते वाचून टेंडर नोटीस वाचल्यासारखं वाटतं. शब्दांचं सोडा. मुलं करत असतात ते काम मात्र समजून घेण्यासारखं आहे.

पक्ष्याची वाट, माणसाची वाट

शहर तुटतं ते भूकंपाने नाही, सवयीने. मुंबईकर पत्ता सांगतो तोच मुळी 'दादर वेस्ट', 'अंधेरी ईस्ट' असा. रुळांनी शहराचे उभे तुकडे पाडले आणि ते इतके अंगवळणी पडले की 'पलीकडे' हा शब्द मुंबईत जवळजवळ पाचवी दिशा झालाय. गंमत अशी की तोडणारी वस्तू स्वतः दुसरं काहीतरी जोडत असते. लोकलने विरार चर्चगेटला जोडलं, त्या भरात दादर दादरपासून तुटलं. हायवे, उड्डाणपूल, बंदर, सगळ्यांची हीच कथा. लांबचं जवळ आणताना जवळचं लांब जातं.

हे नुसतं हळहळून चालत नाही, मोजावं लागतं. विद्यार्थ्यांना आम्ही पहिला धडा देतो तो असा. नकाशावर दोन बिंदू घ्या, समजा एक चाळ आणि एक शाळा. पट्टीने सरळ अंतर मोजा, ही पक्ष्याची वाट. मग प्रत्यक्ष चालत जावं लागतं ते अंतर मोजा, ही माणसाची वाट. दुसऱ्याला पहिल्याने भागा. चौकटीचौकटीच्या रस्त्यांवर काटकोनात वळत गेलात तरी हा आकडा सुमारे १.४ च्या वर जात नाही, ते साधं पायथागोरसचं गणित आहे. पण मध्ये रूळ किंवा बंदराची भिंत आली की तोच आकडा चारवर, पाचवर जातो. समोर दिसणाऱ्या शाळेत जायला पोरं वीस मिनिटं चालत असतील, तर तिथं शहर तुटलेलं आहे. त्यासाठी वेगळ्या सिद्धतेची गरज नाही.

तुटण्याचा दुसरा प्रकार जास्त फसवा असतो. पूल असतो, रस्ता असतो, पण तो जुन्या शहरासाठी बांधलेला असतो आणि भोवतालचं शहर बदललेलं असतं. प्रभादेवीचं उदाहरण घ्या. पश्चिम रेल्वेचं एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) आणि मध्य रेल्वेचं परळ ही दोन स्टेशनं अंगाला अंग लावून उभी आहेत. भोवती गिरण्या होत्या तेव्हा कामगार मोठ्या संख्येने जवळपासच्या चाळींत राहायचे आणि भोंगा झाला की चालत निघायचे. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी ऑफिसांचे टॉवर आले, आणि आता तिथं कामाला येणारा माणूस वसईहून, डोंबिवलीहून लोकलने येऊ लागला. जमिनीचा वापर बदलला, इमारती बदलल्या, भाडी बदलली. पादचारी पूल तेवढाच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पावसामुळे लोक पुलाच्या जिन्यावर खोळंबले, मागून गर्दी येत राहिली आणि चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. पुढे लष्कराने तिथं नवा पूल उभारला.

यातली एक बारीक गोष्ट मी ज्युरीत नेहमी दाखवतो. दुर्घटना रुळांच्या वर, पुलाच्या मध्यावर घडली नाही. ती जिन्यावर घडली. पूल जिथं जमिनीला टेकतो तिथं.

आईने सांगितलेलं मार्जिन

अमेरिकेतले केविन लिंच नावाचे नगररचनाकार १९६० च्या सुमारास लोकांना विचारत फिरले की तुमचं शहर तुमच्या डोक्यात कसं दिसतं, काढून दाखवा. लोकांच्या त्या वेड्यावाकड्या नकाशांतून त्यांनी पाच गोष्टी वेचल्या. वाटा, कडा, वस्त्यांचे भाग, नाकी आणि खुणेच्या जागा. आर्किटेक्चरच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ही पाच नावं पाठ असतात आणि बहुतेकांच्या शीटवर ती पाच रंगांत येतात. त्यात 'कड' म्हणजे नदी, रूळ, भिंत, जिथं एक भाग संपतो ती रेषा. लिंच यांचं म्हणणं असं की कड नेहमीच कुंपण नसते. तिच्यातून आरपार दिसत असेल, जाता-येता येत असेल, तर तीच कड शिवण होते.

हे मी घरी समजावत होतो तेव्हा आई भाजी निवडत होती. तिने तीस वर्षं आळीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवलेत. ती म्हणाली, "शिवण घालायची तर दोन्ही बाजूंना मार्जिन सोडावं लागतं. काठावर टीप मारलीस तर दोन धुण्यांत उसवतं."

मला आजवर ज्युरीत कुणी इतकं नेमकं सांगितलेलं नाही. जोड पुलात नसतो, तो पुलाच्या दोन टोकांना असतो. पूल खाली उतरतो तिथं थांबायला जागा हवी, रिक्षा वळायला जागा हवी, भाजीवाली बसणारच आहे तर तिच्यासाठी ओटा हवा, सावली हवी. हे मार्जिन. ते सोडलं नाही तर पूल कितीही देखणा असो, उसवतो.

मुंबईचे स्कायवॉक आठवा. पहिला वांद्रे पूर्वेला २००८ मध्ये सुरू झाला आणि पुढे काही वर्षांत महानगर प्रदेशात तीन डझनांच्या आसपास झाले. काही खरंच वापरात आहेत. बाकीच्यांवर दुपारी फक्त एखादं जोडपं आणि दोन कुत्री. कारण सरळ आहे. माणसाला संध्याकाळी घरी जाताना जे हवं असतं, कोथिंबीर, रिचार्ज, वडापाव, रिक्षा, ते सगळं खाली. वर चढायचं, तरंगत जायचं आणि पुन्हा उतरायचं, हे कशासाठी?

अंधेरीचा गोखले पूल तर या धड्यासाठीच घडला असावा. २०१८ च्या जुलैत त्याचा पादचारी भाग रुळांवर कोसळला, २०२२ च्या नोव्हेंबरात पूल बंद झाला, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत नव्या पुलाची एक बाजू उघडली तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की तो शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाला भेटतच नाही. दोघांच्या पातळीत सुमारे दीड मीटरचा फरक. रुळांवरची उंची नव्या नियमाप्रमाणे वाढवली होती, टोकाला कोण उभं आहे ते राहून गेलं. मग जॅक लावून जुना पूल उचलला आणि काही महिन्यांनी दोन्ही जुळले. त्या वर्षी प्रत्येक ज्युरीत कुणी ना कुणी हा विनोद केला. मीही केला.

मुलं करतात काय?

आधी चालतात. सकाळी आठला, दुपारी दोनला, रात्री दहाला, एकाच जागी. सकाळी ओसाड दिसणारा कोपरा रात्री ट्रकवाल्यांची खानावळ असतो, हे एकदा गेल्याने कळत नाही. बसून मोजतात. किती माणसं गेली, किती थांबली, कोण कुठं टेकलं, सावली कुठवर सरकली. हे काम कंटाळवाणं आहे, आणि ज्याने ते टाळलंय त्याचं शीट पाहिल्याबरोबर ओळखू येतं. झाडं फार आणि माणसं सगळी फुगे धरलेली असतात.

मग नकाशे. त्यातला एक मला फार आवडतो. १७४८ मध्ये जांबातिस्ता नोली यांनी रोमचा नकाशा छापला. घरं काळी, रस्ते पांढरे, इथवर नेहमीचंच. पण त्यांनी चर्चच्या आतली जागाही रस्त्यासारखीच पांढरी ठेवली. म्हणजे काळं-पांढरं हे इमारत आणि मोकळी जागा असं नाही. सामान्य माणूस पाय ठेवू शकतो ते पांढरं, नाही ते काळं. आपल्या गावाचा असा नकाशा मनात काढून बघा. देऊळ, सभामंडप, घाट, पारावरचा कट्टा पांढरा. मॉल? दारावर पिशवी तपासतात, अनवाणी माणसाला आत सोडतील का? विद्यार्थी तिथं अडखळतात, भांडतात, शेवटी राखाडी रंग देतात. ते भांडण हाच खरा अभ्यास.

तिसरं हत्यार सेक्शन. फणस उभा चिरला की आतले गरे, आठळ्या, मधला दांडा सगळं एका नजरेत येतं, तसं जागेला उभं चिरून काढलेलं चित्र. वरून पाहिलेल्या नकाशात उड्डाणपूल आणि त्याखालचा रस्ता एकमेकांवर बसलेले दिसतात. सेक्शनमध्ये कळतं की पुलाखाली साडेपाच मीटरची उंची वाया चाललीय, किंवा रूळ रस्त्यापेक्षा एक मजला खाली आहेत आणि वरून सरळ चालत जाता येईल. जोडण्याच्या प्रकल्पात निम्मे शोध सेक्शनमध्ये लागतात. माटुंग्याला उड्डाणपुलाखाली रहिवाशांनी पाठपुरावा करून घेतलेली बाग, नर्मदेच्या वळणांसारखी सुमारे सहाशे मीटर लांब फिरण्याची वाट, २०१६ मध्ये झाली. ती जागा वरच्या नकाशात जवळजवळ नव्हतीच.

एका थीसिसचं पुढे काय झालं?

"पण हे सगळं कागदावरच ना?" हा बाबांचा पुढचा प्रश्न. बहुतेक वेळा हो. पण एक थीसिस कागदावरून उठून शहरभर पसरला, आणि त्याची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यात यशाइतकीच अडचणही आहे.

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातलं अटलांटा. हे शहर रेल्वेच्या पोटी जन्मलं. १८३७ मध्ये रूळ जिथं संपणार तिथं खूण रोवली आणि वस्तीला नावच पडलं 'टर्मिनस'. पुढे मालगाड्यांनी गावाच्या मध्यात कोंडी करू नये म्हणून शहराला वळसे घालणारे रूळ टाकले गेले, त्यांच्या काठाने कारखाने आणि वखारी आल्या. विसाव्या शतकात माल ट्रकवर गेला, कारखाने बंद पडले, रुळांवर झुडपं माजली. त्याच काळात शहराच्या मधून महामार्ग काढला. तो ऑबर्न अव्हेन्यूच्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीला, मार्टिन ल्यूथर किंग ज्युनियर यांचा जन्म झाला त्या भागाला, चिरत गेला. आणि तुटणं फक्त डांबराचं नव्हतं. पाँस द लिओन नावाच्या रस्त्याच्या उत्तरेला जो 'मन्रो ड्राइव्ह', तोच सलग रस्ता दक्षिणेला 'बुलेवार्ड' होतो. गोऱ्यांना काळ्यांच्या रस्त्याचा पत्ता नको होता, म्हणून नाव मध्येच बदललं. ते आजही तसंच आहे.

रायन ग्रॅव्हेल हा जॉर्जिया टेक संस्थेचा विद्यार्थी एक वर्ष पॅरिसला शिकायला गेला. गाडी नव्हती. पायी आणि मेट्रोने फिरायचं, ताजी भाजी आणायची, एवढ्यावर त्याचं वजन उतरलं. परत आल्यावर गाडीशिवाय पान न हलणारं आपलं शहर त्याला खुपायला लागलं. १९९९ मध्ये त्याने वास्तुकला आणि नगररचना या जोड पदव्युत्तर पदवीसाठी थीसिस लिहिला. म्हणणं एवढंच होतं. चार वेगवेगळ्या रेल्वे कंपन्यांचे हे जुने तुकडे जुळवले तर शहराभोवती २२ मैलांचं, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटरचं कडं होतं. त्यावर ट्राम चालवा, काठच्या पडीक कारखान्यांच्या जागी घरं आणि दुकानं येऊ द्या. ४५ वस्त्या एकमेकींना जोडल्या जातील.

यातली अक्कल कुठं आहे बघा. हे रूळ वस्त्यांच्या मधून जात नव्हते, वस्त्यांच्या सीमेवरून जात होते. प्रत्येक वस्तीने त्यांच्याकडे पाठ केली होती, जशी आपण नाल्याकडे करतो. म्हणजे नवी जमीन घ्यायची नव्हती, फारशी घरं पाडायची नव्हती. जी कड होती तिचीच शिवण करायची होती.

थीसिस मंजूर झाला आणि कपाटात गेला. ग्रॅव्हेल एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरीला लागला. २००१ मध्ये ऑफिसातल्या दोन सहकाऱ्यांबरोबर त्याने थीसिसचा सारांश करून शहरातल्या अधिकाऱ्यांना पत्रं धाडली. नगर परिषदेतल्या कॅथी वूलार्ड यांनी ती गांभीर्याने घेतली आणि मग चर्चच्या हॉलांत, मोहल्ल्यांच्या बैठकांत ही मंडळी नकाशा घेऊन फिरली. लोकांनी त्यात भर घातली. मूळ थीसिस ट्रामविषयी होता. फिरण्याची आणि सायकलची वाट, बागा, हे नंतर जोडलं गेलं. एका सखल भागात दर पावसाला पाणी तुंबायचं. जमिनीखाली मोठी गटारवाहिनी टाकण्यापेक्षा तिथं तळं खोदलं आणि भोवती बाग केली. ते काम त्या वाहिनीपेक्षा स्वस्तात झालं आणि बाग २०११ मध्ये खुली झाली. २०१२ मध्ये कड्याचा पूर्वेकडचा मोठा टप्पा चालणाऱ्यांसाठी उघडला. त्याच्या काठावरची १९२६ सालची सीअर्स कंपनीची अवाढव्य जुनी वखार दुरुस्त होऊन बाजार आणि घरं झाली.

पैसा कुठून आला, हे समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळत नाही. २००५ मध्ये कड्याभोवतीचा पट्टा आखून २५ वर्षांसाठी एक करयोजना केली. समजा त्या पट्ट्यातून आज मालमत्ताकर येतो शंभर रुपये. ते शंभर पुढेही नेहमीच्या तिजोरीत जात राहणार. पण प्रकल्पामुळे जमिनीचे भाव चढून कर एकशेसाठ झाला, तर वरचे साठ प्रकल्पाचे. त्या येणाऱ्या साठांच्या भरवशावर आज कर्जरोखे काढायचे आणि काम सुरू करायचं. हुशार योजना आहे. पण तिच्या पोटात काय दडलंय ते दिसलं का? भाव वाढले तरच प्रकल्प चालतो. आणि भाव वाढले की जुना भाडेकरू चालता होतो.

तसंच झालं. वाट तयार व्हायच्या आधीच दलाल पोहोचले. परवडणारी ५६०० घरं बांधायचं उद्दिष्ट ठरवलं होतं, ते बरंच मागे पडत राहिलं. २०१६ मध्ये खुद्द ग्रॅव्हेल यांनी प्रकल्पासाठी काम करणाऱ्या संस्थेच्या मंडळाचा राजीनामा दिला. गरिबांना परवडण्याच्या प्रश्नाकडे पुरेसं लक्ष दिलं जात नाही, ही त्यांची तक्रार. आपल्याच थीसिसवर रागावून बाहेर पडणारा विद्यार्थी मी दुसरा ऐकलेला नाही. आणि ज्या ट्रामसाठी हा सगळा खटाटोप सुरू झाला, ती त्या कड्यावर अजून धावलेली नाही.

नवं करताना जुनं कुणाचं?

जोडणं आणि नवं करणं हे दोन वेगळे उद्योग आहेत, आणि विद्यार्थी ते एकाच वाक्यात उरकतात. जोडल्याने वाट होते. नवं करण्याने मालकी हलते. गिरणगावाला हे वेगळं सांगायला नको. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. गिरण्या एकेक करून थंडावल्या आणि शहराच्या मध्यावर सुमारे सहाशे एकर जमीन उरली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने ठरवलं की गिरणीची जमीन विकायला काढली तर साधारण एकतृतीयांश मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एकतृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि एकतृतीयांश मालकाला. १९९६ मध्ये आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांच्या समितीने या जमिनींचा एकत्रित विचार करून आराखडा सुचवला. तो बाजूला पडला. २००१ मध्ये नियम बदलला. आता वाटणी सगळ्या जमिनीची नाही, फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या तुकड्याची. गिरणीत रिकामी जागा असते किती? पत्र्याखाली माग, कोपऱ्यात एक आवार. शहराच्या वाट्याला चिंधी आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००६ मध्ये बदललेला नियम कायम राहिला.

एका कलमातल्या एका शब्दाने, 'रिकामी' या शब्दाने, किती बागा आणि किती घरं गेली याचा हिशेब मी विद्यार्थ्यांना करायला लावतो. सुंदर शीटं काढणाऱ्या मुलांना नियमावली वाचायचा कंटाळा असतो. पण शहर पेन्सिलीने जेवढं घडतं त्याच्यापेक्षा जास्त उपकलमाने घडतं.

आता भाचीचं शीट

तिने निवडलेली जागा कॉटनग्रीन ते शिवडी. पश्चिमेला हार्बर लाईन आणि चाळी. पूर्वेला बंदराची जमीन, भिंती, गोदामं, ट्रक, वरून पूर्व मुक्त मार्ग, आणि त्यापलीकडे खाडीचा चिखल, जिथं हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. मुंबई बंदराकडे पूर्व किनाऱ्यावर सुमारे १८०० एकर जमीन आहे. तिचं काय करावं यासाठी केंद्राने २०१४ मध्ये राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, त्याआधी आणि त्यानंतरही आराखडे झाले. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू सुरू झाला, शिवडीहून थेट न्हावा-शेवा, जवळपास २२ किलोमीटर. शिवडीतून आता गाडीने समुद्र ओलांडता येतो. शिवडीच्याच चाळीतल्या पोराला समुद्र बघायला मात्र ट्रकांमधून अंग चोरत जावं लागतं.

बंदराची स्वतःची रेल्वे होती, १९१५ साली सुरू झालेली. बॅलार्ड पियरपासून वडाळ्यापर्यंत. बरेचसे रूळ आता नुसते पडून आहेत. भाचीच्या डोळ्यांसमोर अटलांटाच असणार. पहिल्या ज्युरीत तिने या रुळांवरून लांबलचक वाट काढली आणि शेवटी काचेचा उंच मनोरा, पक्षी बघायला. (शिवडी घेतलेल्या दहापैकी आठ मुलांचा असा मनोरा असतो. पक्ष्यांना काय वाटेल ते कुणी विचारत नाही.) ज्युरीने एकच विचारलं की चाळीतली बाई या वाटेवर येणार कुठून. शीटवर वाट तीन किलोमीटर होती आणि तिला शिरायला जागा दोन, दोन्ही टोकांना. म्हणजे तिने भिंतीला समांतर आणखी एक रेघ ओढली होती.

दुसऱ्या फेरीत मनोरा गेला. वाट आखूड झाली. शीटचा जीव आता तीन आडव्या जागांत होता, जिथं चाळीकडची गल्ली रूळ ओलांडून गोदामांकडे जाते. प्रत्येक ठिकाणी तिने ओलांडणं कमी आणि दोन्ही बाजूंचं मार्जिन जास्त काढलं होतं. अलीकडे पाण्याचा नळ, बाक, रिक्षाचं वळण. पलीकडे एका जुन्या गोदामाचा फक्त पुढचा गाळा उघडा केलेला, ट्रकवाल्यांना आणि हमालांना टेकायला, जेवायला. गोदामं पाडलेली नव्हती, तिथं काम करणारे उठवलेले नव्हते. म्हणूनच बाबांना बिल्डिंग दिसत नव्हती. ती तिथं आधीच होती.

हे सगळं मी बाबांना सांगितलं तेव्हा ते शीटपाशी उकिडवे बसले होते. आम्ही लालबागला राहायचो तेव्हा बाबा शिवडीच्या एका गोदामात टॅली क्लार्क होते, रोज पायी जायचे. ही गोष्ट मला माहीत होती आणि थीसिससाठी कधी आठवली नव्हती. भाचीलाही नाही. तिने आठवडाभर स्टॉपवॉच घेऊन माणसं मोजली, आणि घरात अठरा वर्षं तो रस्ता चाललेला माणूस टीव्हीवर मॅच बघत होता.

"हा तुझा दुसरा क्रॉस," बाबा म्हणाले, "इथं कोण जाणार? इथून उतरलं की पावसाळ्यात गुडघाभर पाणी. आम्ही इकडून जायचो." आणि तिला काही कळायच्या आत त्यांनी खिशातलं बॉलपेन काढून शीटवर, तिच्या खुणेपासून चारेक बोटं उत्तरेला, फुली मारली.

ती किंचाळली. त्या शीटच्या प्रिंटला चारशे रुपये पडले होते.

मग ती खाली बसली आणि म्हणाली, "आजोबा, तिथं भिंत आहे."

"भिंत होतीच गं," बाबा म्हणाले. "एक दगड काढलेला होता पाय ठेवायला. थांब, दाखवतो," आणि ते फुलीच्या शेजारी आणखी काहीतरी काढायला लागले.